वर्गात प्रोग्रामिंग आणि गणित: परिणाम तपासायचा तर अभ्यास कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा: शिक्षणशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका शिक्षिकेला 12-13 वर्षांच्या मुलांच्या दोन तुकड्या मिळाल्या आहेत. एका तुकडीला सहा आठवडे स्क्रॅच (आज्ञांचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, जोडून प्रोग्राम करायची मुलांसाठीची भाषा) शिकवायचं, दुसरीला नेहमीचं गणित. आधी आणि नंतर गणिताची एक चाचणी, शिवाय संगणकीय विचाराची (प्रश्न संगणकाला पाळता येतील अशा पायऱ्यांत मांडण्याच्या हातोटीची) एक तयार चाचणी. दोन्ही तुकड्यांच्या सरासरीतला फरक काढायचा. एवढ्यावर ‘प्रोग्रामिंगमुळे गणित सुधारतं का’ याचं उत्तर मिळेल का?

नाही मिळणार. आकडा मिळेल, पण तो कशाचा आहे हे सांगता येणार नाही. त्याचं कारण आधी सांगतो, मग त्याच सहा आठवड्यांत आणि त्याच दोन तुकड्यांत काय करता येईल ते.

हा प्रश्न नवा नाही. लोगो ही मुलांसाठीची भाषा 1967 साली वॉली फोयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी घडवली, तेव्हापासून तो विचारला जातोय. 1984 मध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांना नियोजनाचं काम देऊन पाहिलं: वर्गातली झाडलोट-आवराआवर कमीत कमी फेऱ्यांत कशी उरकायची, ते ठरवायचं. लोगो शिकलेली मुलं इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. चार वर्षांनी डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी वेगळी वाट धरली. चूक शोधण्याची पद्धत त्यांनी पायरीपायरीने, उघडपणे शिकवली: अपेक्षित काय होतं, मिळालं काय, फरक कोणत्या प्रकारचा, तो प्रोग्रामच्या कोणत्या भागातून आला असेल. या मुलांनी तीच पद्धत संगणकाबाहेरच्या, कागदावरच्या सूचनांतल्या चुका शोधतानाही वापरली. या दोन निकालांत विरोध नाही. मुलांना काय नेमकं शिकवलं आणि तेच मोजलं का, एवढाच फरक आहे.

अलीकडचे पुरावेही याच बाजूचे आहेत. इंग्लंडमध्ये रिचर्ड नॉस आणि सेलिया हॉइल्स यांच्या गटाने आखलेला स्क्रॅचमॅथ्स हा दोन वर्षांचा कार्यक्रम शंभराहून अधिक शाळांत, यदृच्छ (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) विभागणी करून तपासला गेला. 2018 च्या स्वतंत्र मूल्यमापनात पहिल्या वर्षाअखेर संगणकीय विचारात थोडी वाढ दिसली. दुसऱ्या वर्षाअखेरच्या राष्ट्रीय गणित चाचणीत फरक दिसला नाही. उलट शेरर, सिद्दिक आणि व्हिव्हेरोस यांनी 2019 साली 105 अभ्यास एकत्र करून काढलेला सरासरी परिणाम 0.49 प्रमाण विचलनांचा (प्रमाण विचलन म्हणजे गुण किती पसरलेत त्याचं माप) आहे: प्रोग्रामिंगमध्येच 0.75, इतर कौशल्यांत 0.47. हा दुसरा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. नियंत्रित, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, गटाला काहीच वेगळं मिळालं नव्हतं, अशा अभ्यासांत परिणाम मोठे दिसतात. नियंत्रित गटाला तितकंच चांगलं, पण प्रोग्रामिंगविना शिक्षण दिलं की ते आकसतात. तुमच्या आराखड्यातली दुसरी तुकडी नेमकी पहिल्या प्रकारची आहे.

म्हणून ‘गणित’ हा शब्द आराखड्यातून काढा आणि एकच कल्पना घ्या. सहा आठवड्यांत एक कल्पना नीट हाताळून होते, दोन ओढूनताणून. बहुभुजाचा बाह्यकोन (कडेकडेने चालताना कोपऱ्यावर जेवढं वळावं लागतं तो कोन) हा पर्याय मला सर्वांत कसदार वाटतो, कारण इथे प्रोग्राममधला एक आकडा आणि गणितातली कल्पना एकमेकांवर थेट बसतात. चल (व्हेरिएबल) ही कल्पना घेतली तर अवघड जातं: प्रोग्राममधला चल ही बदलत जाणारी नोंद असते, बीजगणितातला बहुधा एक अज्ञात. ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ ही ओळ प्रोग्राममध्ये रास्त आणि समीकरण म्हणून अशक्य. तो गुंता सोडवण्यातच सहा आठवडे जातील.

बाह्यकोनाचं काम जवळून पाहू. स्प्राइट (पडद्यावर हलणारं पात्र) 100 पावलं पुढे जातो, काही अंश उजवीकडे वळतो, आणि हे रिपीट या पुनरावृत्तीच्या ब्लॉकमध्ये काही वेळा होतं. चौरसापासून सुरुवात केली की वर्गातल्या बहुतेक मुलांचा चौरस लगेच जमतो, आणि घोटाळा तिथेच दडतो. चौरसाचा आंतरकोन 90 आणि बाह्यकोनही 90. ‘आकृतीचा जो कोन, तेच वळण’ हा चुकीचा नियम इथे बरोबर उत्तर देतो. मग त्रिकोण सांगितला की मुलं 60 लिहितात. तीन वेळा 100 पावलं आणि 60 अंश वळण: त्रिकोण न होता षट्कोनाच्या तीन बाजू उमटतात आणि स्प्राइट सुरुवातीच्या नेमक्या उलट दिशेला तोंड करून थांबतो, कारण एकूण वळण 180 झालेलं असतं. षट्कोनासाठी आंतरकोन म्हणून 120 लिहिला तर आणखी गंमत: सहा बाजूंची आज्ञा दिलेली असते आणि पडद्यावर त्रिकोण दिसतो, एकावर एक दोनदा काढलेला. या दोन चुका शेजारीशेजारी ठेवणं हे पूर्ण घटकातलं सर्वांत मोलाचं काम आहे. त्यासाठी वेळ राखून ठेवा.

आता धोका. मूल 60 च्या जागी 90, मग 110, मग 120 टाकत जातं आणि त्रिकोण बंद होतो. उत्तर बरोबर, गणित शून्य. पंचकोनाचा 72 सुद्धा असा चाचपडत सापडतो. म्हणून क्रमात सप्तकोन हवाच. 51 टाकला तर सात वळणांची बेरीज 357 होते, तीन अंश कमी. बाजू 60 पावलांची असेल तर शेवटी साडेतीन पावलांहून थोडी जास्त फट राहते. 52 ने आकृती दुसऱ्या बाजूला चुकते. पूर्णांकांनी भागत नाही म्हटल्यावर काही मुलं वळणाच्या जागेत भागाकाराचा ब्लॉक ठेवून 360 भागिले 7 लिहितात. ज्या मुलाने हे लिहिलं, त्याला नियम सापडल्याचा तो बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे, आणि तो तुम्हाला चाचणीविना, साठवलेल्या फाइलमधून मिळतो.

इथे तांत्रिक बारकावे सांभाळले नाहीत तर विदा (डेटा) खराब होते. स्क्रॅचचा रंगमंच 480 बाय 360 आहे. उभा अक्ष -180 ते 180. मध्यापासून निघून उजवीकडे वळत 100 पावलांच्या बाजूचा सप्तकोन काढला तर तो सुमारे 219 पावलं खाली उतरतो, म्हणजे तळाच्या कडेबाहेर. स्प्राइट कडेला अडला तर आकृती बिघडते आणि मुलाला वाटतं कोन चुकला. बाजू 60 ठेवा. पेनची जाडी 1 ठेवा, नाहीतर ती फट रेघेखाली झाकली जाते. प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर चार आज्ञा पक्क्या हव्यात: मध्यावर जा, 90 च्या दिशेला तोंड कर, सगळं पूस, पेन टेकव. या नसतील तर दुसऱ्यांदा चालवल्यावर जुन्या रेघांवर नव्या रेघा पडतात. आणि रिपीटमध्ये अर्ध्या सेकंदाचा थांबा घाला, कारण त्याशिवाय पूर्ण आकृती डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात उमटते, वळणं दिसतच नाहीत. पेनचे ब्लॉक मूळ यादीत नसतात, विस्तारातून जोडावे लागतात. पहिल्याच तासाला यात दहा मिनिटं जाऊ नयेत म्हणून ते जोडलेली कोरी फाइलच मुलांना द्या.

स्क्रॅच की पायथन (ब्लॉकऐवजी आज्ञा टाइप करायची भाषा), हा प्रश्न हमखास येतो. या वयाला आणि एवढ्या कमी वेळात ब्लॉकच घ्या. वाइनट्रॉप आणि विलेन्स्की यांच्या माध्यमिक वर्गांतल्या तुलनेत पहिल्या पाच आठवड्यांनंतर ब्लॉकवर शिकलेली मुलं पुढे होती. पुढे दोन्ही गट जावा या टाइप करायच्या भाषेकडे वळल्यावर ही आघाडी टिकली नाही. तुमचा विषय भाषा नाही, कोन आहे. पायथनचं टर्टल (रेघा काढणारं साधन) वापरणारच असाल तर ध्यानात ठेवा: त्याच्या नेहमीच्या मांडणीत दिशा पूर्वेकडून घड्याळाच्या उलट मोजतात, स्क्रॅचमध्ये वरच्या दिशेपासून घड्याळाप्रमाणे. दोन्ही साधनांतली उदाहरणं एका कार्यपत्रिकेत मिसळू नका.

तास कसा चालवायचा? आठवड्याला 40 मिनिटांचे दोन तास धरले तर एकूण बारा तास होतात. पहिले दोन साधनाच्या ओळखीला द्या आणि ते निष्कर्षात धरू नका. पुढच्या तासांसाठी सू सेंटन्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेला क्रम सोयीचा आहे: अंदाज, चालवणं, तपास, बदल, निर्मिती. पहिली पाच-सात मिनिटं तयार प्रोग्राम कागदावर दाखवून मुलांनी आकृतीचा अंदाज काढायचा, पेनाने, खोडरबर न वापरता. मग तो चालवायचा. त्यानंतर दहा मिनिटं तपास: अंदाज कुठे फसला, कोणत्या आज्ञेनंतर फसला. मग बदल आणि नवं काही. घाईत हा अंदाजाचा भाग पहिला कापला जातो. तो कापला की संशोधन संपलं असं समजा, कारण मुलाच्या डोक्यातला नियम फक्त त्याच कागदावर दिसतो. चालवल्यानंतर पडद्यावर जे आहे ते दुरुस्त झालेलं असतं.

एका संगणकावर दोन मुलं बसवा आणि दर आठ मिनिटांनी माउस बदलायला सांगा. सांगितलं नाही तर एकच मूल प्रोग्राम करतं आणि दुसरं पाहतं, पण तुमच्या तक्त्यात दोघांनाही सारखंच शिक्षण मिळाल्याची नोंद होते. अंदाजाचा कागद मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र हवा.

मोजमापाबद्दल. तयार चाचण्यांचा मोह आवरा. रोमान-गोन्झालेझ यांची संगणकीय विचार चाचणी 28 प्रश्नांची आणि साधारण 45 मिनिटांची आहे. ती उपयोगी आहे, पण तिचे बरेचसे प्रश्न बाण, चक्रव्यूह आणि ब्लॉकच्या रूपात येतात. सहा आठवडे ब्लॉक पाहिलेल्या तुकडीला ते रूप ओळखीचं असतं, दुसरीला नसतं. मग वाढ विचारातली की ओळखीची, हे सुटं करता येत नाही. मुलांच्या प्रोग्रामला आपोआप गुण देणारी साधनंही आहेत. ती प्रामुख्याने कोणत्या प्रकारचे ब्लॉक वापरले ते पाहतात. शेजाऱ्याचा प्रोग्राम हुबेहूब उतरवणाऱ्यालाही तेवढेच गुण मिळतात.

स्वतःचे प्रश्न लिहा, शिकवलेल्या कामापासून तीन अंतरांवर. जवळचा: ‘तीन वेळा 100 पुढे, 60 अंश उजवीकडे’ वाचून आकृती काढा. मधला: प्रोग्रामचा उल्लेखही नाही, एक माणूस नियमित पंचकोनी मैदानाच्या कडेकडेने चालतोय, प्रत्येक कोपऱ्यावर तो किती अंश वळतो? 72 लिहिणारा आणि 108 लिहिणारा यांत सगळं कळतं. दूरचा: पाठ्यपुस्तकी आकृती, त्रिकोणाची एक बाजू वाढवलेली, बाहेरचा कोन काढा. प्रत्येक अंतरावर चार-पाच प्रश्न आणि प्रत्येकाखाली ‘का?’ लिहायला दोन ओळी. चौरसावर एकही प्रश्न नको, कारण वर सांगितलंच: चुकीच्या नियमानेही तिथे पूर्ण गुण मिळतात. जवळच्या प्रश्नांत दुसरी तुकडी मागे राहणार हे उघड आहे, म्हणून तुलना मधल्या आणि दूरच्या प्रश्नांवरच करा. जवळचे फक्त पहिल्या तुकडीत साखळी कुठे तुटली ते पाहण्यासाठी. तिन्ही गुण एकत्र करून एकच बेरीज मांडू नका. आणि घटकाच्या शेवटच्या चाचणीनंतर चार-सहा आठवड्यांनी मधले व दूरचे प्रश्न आकडे बदलून पुन्हा द्या.

फाइली कशा जपता, यावर निम्मं यश आहे. दर दहा मिनिटांनी नव्या नावाने प्रत साठवायला सांगा: जोडीचा क्रमांक, तासाचा क्रमांक, प्रतीचा क्रमांक. मुलांची नावं फाइलीत नकोत. शक्य असेल तर चार-सहा जोड्यांच्या पडद्याचं आवाजासह रेकॉर्डिंग घ्या. त्यासाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची हरकत नसणं, दोन्ही हवं. रेकॉर्डिंगमध्ये दोन रनमधलं अंतर पाहा. दोन-तीन सेकंदांनी आकडा बदलत जाणं म्हणजे चाचपडणं. मोठा थांबा, बोट हवेत वळवणं, कागदाकडे पाहणं आणि मग एकच बदल: हे वेगळं काम आहे. घटक संपल्यावर आठवड्याभरात त्याच मुलांना त्यांचा स्वतःचा प्रोग्राम समोर ठेवून विचारा: ‘हा आकडा इथे का? बाजू आठ केल्या तर काय बदलेल, काय बदलणार नाही?’ पंधरा मिनिटं पुरतात. ‘तुला समजलं का’ असं कधी विचारू नका, होकारच येतो.

आता दोन तुकड्यांचा पेच. एक तुकडी इकडे, एक तिकडे, असं असेल तर शिक्षक, तासाची वेळ, तुकडीचा स्वभाव यांपैकी कशाचाही परिणाम प्रोग्रामिंगच्या खात्यात जमा होतो, आणि कोणतंही संख्याशास्त्र तो वेगळा काढू शकत नाही. मुलं जास्त आहेत म्हणून हा दोष भरून निघत नाही. एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. 30 च्या वर्गात हे साम्य (0 ते 1 च्या मापावर) 0.15 धरलं तर संरचना परिणाम, म्हणजे मुलांची संख्या कितीने भागायची तो आकडा, 1 अधिक 29 गुणिले 0.15, म्हणजे 5.35 येतो. दहा वर्गांतली 300 मुलं सांख्यिकीदृष्ट्या सुमारे 56 मुलांइतकीच माहिती देतात. दोन वर्गांत तर वर्गावर्गातला फरक अजमावायलाच जागा नसते.

तरी त्या दोन तुकड्यांतून बरंच साधता येतं, अदलाबदल करून. पहिले तीन आठवडे पहिली तुकडी बाह्यकोन प्रोग्रामिंगने शिकेल आणि दुसरी प्रोग्रामिंगविना. पुढचे तीन आठवडे विषय बदला, उदाहरणार्थ आलेखावरच्या बिंदूंचे निर्देशक, आणि भूमिका उलटवा. प्रत्येक तुकडी एकदा इकडे, एकदा तिकडे. साधनाची ओळख मात्र दोन्ही तुकड्यांना आधीच द्यावी लागेल, आणि एका कल्पनेला मिळणारा वेळ निम्मा होईल. म्हणून सप्तकोनापर्यंत पोचायचं तर मधली सजावटीची कामं गाळा. प्रोग्रामिंगविना शिकणाऱ्या तुकडीला नुसतं व्याख्यान देऊ नका. जमिनीवर खडूने बहुभुज काढा, मुलांनी कडेने चालावं, प्रत्येक कोपऱ्यावर कोनमापकाने वळण मोजावं, बेरीज लिहावी. तेवढाच वेळ, तीच कल्पना, तेच प्रश्न. या तुकडीनेही तितकीच प्रगती केली तर तो निकाल प्रामाणिकपणे मांडा. तो अतिशय उपयुक्त आहे, कारण मग सुधारणा संगणकामुळे की वळणांची बेरीज जाणवल्यामुळे, याचं उत्तर मिळतं.

दुसरी वाट आराखडा-संशोधनाची आहे, ॲन ब्राउन यांनी 1992 मध्ये मांडलेली: तुलना सोडून द्यायची, घटक एका तुकडीत चालवायचा, चुका पाहून बदलायचा, दुसरीत पुन्हा चालवायचा. प्रबंधासाठी एकटीने काम करत असाल तर मला हीच वाट जास्त रास्त वाटते. मात्र प्रत्येक बदल का केला याची तारखेसह नोंद हवी, आणि बदलाआधी ‘यामुळे अमुक चूक कमी होईल’ असं लिहून ठेवलेलं हवं. नंतर लिहिलेल्या अपेक्षांना किंमत नाही.

शिक्षकाच्या वागण्याची नोंद बहुतेक प्रबंधांत एका वाक्यात उरकलेली असते. स्वीडनमध्ये 2018 पासून आणि नॉर्वेत 2020 पासून प्रोग्रामिंग गणिताच्या अभ्यासक्रमातच आहे. गणिताच्या शिक्षकाकडे ते आलं की एक धोका कायमचा सोबत असतो: तास सॉफ्टवेअरचा होतो. तो किती झाला हे मोजता येतं. दर दोन मिनिटांनी वर्गातलं बोलणं कशाबद्दल आहे त्याची एक खूण करा: यंत्र आणि लॉगिन, साधनाची बटणं, प्रोग्रामचं वागणं, की गणित. 40 मिनिटांत वीस खुणा होतात. शेवटच्या रकान्यात जेमतेम दोन खुणा असतील तर त्या तासाने बाह्यकोन शिकवला असं म्हणता येणार नाही, मग चाचणीचा निकाल काहीही येवो. किमान दोन-तीन तासांच्या खुणा दुसऱ्या निरीक्षकाकडून स्वतंत्रपणे करवून घ्या आणि कोहेनचा कॅपा (दोन निरीक्षकांचं एकमत मोजणारा आकडा) काढा, 0.7 च्या खाली आला तर रकान्यांच्या व्याख्या उदाहरणांसह पुन्हा लिहा. गोंधळ बहुधा ‘प्रोग्रामचं वागणं’ आणि ‘गणित’ यांच्या सीमेवर होतो. ‘120 टाकल्यावर बंद झाला’ हे पहिलं; ‘तीन वळणं मिळून 360 व्हायला हवीत’ हे दुसरं.

प्रोग्राम लिहून देणारी एआय साधनं मुलांच्या हाताशी आहेत. त्यावर बंदी घालण्यात शक्ती दवडू नका. अंदाजाचा कागद, ‘का’च्या दोन ओळी आणि स्वतःच्या प्रोग्रामवरची मुलाखत या तिन्ही गोष्टी अशा साधनाने होत नाहीत. घरी करायचं काम मात्र पुराव्यात धरू नका.

तुकड्यांना हात लावण्याआधी एक काम करा. अभ्यासात नसलेल्या आठ-दहा मुलांसमोर तुमचे प्रश्न ठेवा आणि प्रत्येकाला मोठ्याने विचार करत सोडवायला सांगा. चुकीच्या नियमाने बरोबर उत्तर देणारं एक जरी मूल सापडलं, तर तो प्रश्न बदला. नियम माहीत असूनही भाषेमुळे अडखळणारं मूल सापडलं, तर वाक्य बदला. पंचकोनी मैदानाच्या प्रश्नात हे नक्की होतं: ‘किती अंश वळतो’ वाचून काही मुलं कोपऱ्याच्या आतला कोन मोजायला घेतात. सोबत वरून पाहिलेलं चित्र द्या, त्यात माणूस कोपऱ्याच्या दोन पावलं आधी उभा दाखवा आणि त्याच्या समोरच्या दिशेची रेघ तुटक काढा. त्यानंतरही 108 आलं, तर ती चूक भाषेची नाही, कल्पनेची आहे, आणि तीच तुम्हाला हवी आहे.